डाळिंब आणि पळस यांच्या मधला रंग

विश्वात आश्चर्यं असंख्य असतील, पण त्या सगळ्यांची दखल घेणारी माणसाची जाणीव हे त्यांतलं सर्वांत मोठं आश्चर्य होय. हे वाक्य माझं आहे. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मी ते पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, मटकीच्या रांगेत उभा असताना. मागे उभ्या असलेल्या टूलरूमवाल्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. जरा पुढं सरका राव, पोळ्या संपतायत."

पिंपरीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. मापनकक्षात. कारखान्यातले बाकीचे लोक वस्तू मोजत आणि मी त्यांची मोजायची साधनं मोजत असे. मायक्रोमीटर, गेज, डायल, तापमापक, जे जे म्हणून आकडा दाखवतं ते खरा आकडा दाखवतं की नाही हे ठरवून रजिस्टरात सही करणं हे माझं काम. बड्या साहेबांची केबिन सोडली तर आमची एकच खोली वातानुकूलित होती. ती सोय माझ्यासाठी नव्हती, उन्हाळ्यात मापाचे पोलादी ठोकळे केसभर फुगतात म्हणून होती. तरीही मे महिन्यात त्या खोलीत बसून विज्ञानाच्या पायाविषयी विचार करताना मला आपण निवडले गेलो आहोत असं वाटे.

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेच्या सोयीसाठी सरकारने वार वाटून दिले होते. पुण्यातली विचारवंतांची चर्चा रविवारी चाले, म्हणून ती मला कायमची बंद झाली. तेव्हा मी चिंचवडला, आमच्या दोन खोल्यांच्या घरात, गुरुवारचं अभ्यासमंडळ काढलं. पाचसहा जण येत. मी जाणीव, अनुभव, मापन आणि सत्य या विषयांवर बोलत असे आणि ते ऐकत असत. नंतर प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा होती. एकदा एकाने विचारलं की पंखा जरा वाढवता येईल का. बायको शाळेत शिकवायची, ती साडेपाचला येई. तिच्या आधी मंडळ संपवण्याकडे माझा कल असे, कारण ती दारात चपला काढता काढता शेवटचं वाक्य ऐकायची आणि "म्हणजे काय?" असं विचारायची.

पुढे पुण्याहून लोकल सुरू झाली आणि एक प्राध्यापक आमच्या मंडळात येऊ लागले. पुण्याच्या एका कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकाच पुस्तकावर आम्ही दोघांनी हात ठेवला होता, ती आमची ओळख. पुस्तक त्यांनी घेतलं. त्यांचा प्रश्न असा होता की विज्ञान सगळं बाहेरून मोजतं, आणि लाल रंग पाहताना माणसाला आतून जे जाणवतं ते तर मोजता येत नाही. मग ते आहे असं विज्ञानाने म्हणायचं की नाही? मी यावर दोनशे पानी तीन वह्या भरल्या होत्या. सर त्या चाळत आणि मला "आमचे पिंपरीचे मित्र" म्हणत. पुण्याच्या माणसाने हे म्हणणं मला किती आवडे ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं.

आमच्या भागात दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला भरे. तिचे कार्यवाह पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी एका गुरुवारी घरी येऊन सांगितलं, "पुढच्या वर्षी एक दिवस स्थानिक वक्त्याला द्यायचा विचार आहे. विषय विज्ञान आणि जाणीव. सर म्हणतील त्याला."

सर माझ्याकडे पाहून हसले. मी नम्रतेने जमिनीकडे पाहिलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्या मंडपात, त्या माइकसमोर, त्या विषयावर मी उभं राहायला हवं होतं. माणसाने आयुष्यात याहून मोठ्या गोष्टींची इच्छा धरावी हे मला मान्य आहे. पण खोटं कशाला सांगू?

तर पुढली सगळी चूक माझीच. मापन प्रत्यक्ष कसं होतं ते बघायचंय, असं सर म्हणाले आणि मी परवानगी काढून त्यांना कारखान्यात नेलं. मापनकक्षात त्यांनी माझे ठोकळे पाहिले, दोन ठोकळे नुसते घासून एकमेकांना कसे चिकटतात तेही पाहिलं, आणि "सुंदर" म्हणाले. दहा मिनिटं झाली असतील. मग आम्ही कॅन्टीनकडे निघालो. वाटेत हीट ट्रीटमेंटचं खातं लागतं. तिथे सर थांबले, आणि माझ्या दृष्टीने बोलायचं तर ते तिथून पुन्हा कधी परत आले नाहीत.

भट्टीसमोर मामा उभे होते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणत असे. कुरुळीचे शेतकरी, पन्नाशीच्या आसपासचे. कारखाना बासष्टला उभा राहिला तेव्हापासून भट्टीवर होते आणि रोज सायकलने येत. गिअर भट्टीत तापवायचे आणि नेमक्या उष्णतेला बाहेर काढून तेलात बुडवायचे, हे काम. उष्णता दाखवणारा काटा भिंतीवर होता, पण मामा त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. भट्टीच्या दारातल्या भोकाला डोळा लावत आणि आकडा सांगत.

"किती झालं मामा?" फोरमनने विचारलं.

"आठशे ईस. अजून डाळिंब हाय."

सर पुढे झाले. "डाळिंब म्हणजे?"

"डाळिंबाचा दाना बगितलाय न्हवं? तसा रंग. म्होरं पळसाचं फूल येतंय. डाळिंब सरलं आन् पळस आला न्हाई, त्याच्या मदी आठशेचाळीस. तवा काडायचं."

"पण ते तुम्हाला कळतं कसं?"

"दिसतं की."

"दिसतं म्हणजे, तुम्हाला आतून काय होतं?"

मामांनी थोडा विचार केला. "घाम येतो," ते म्हणाले, आणि पुन्हा भोकाला डोळा लावला. तेवढ्यात त्यांनी हात वर केला. फोरमनने काट्याकडे पाहिलं. काटा आठशेचाळीसवर होता.

चिंचवड स्टेशनवर आम्ही लोकलची वाट बघत होतो. सर म्हणाले, "तुम्ही तीन वह्यांत जे म्हणायचा प्रयत्न केलाय ना, ते तो माणूस एका शब्दात म्हणाला."

"कोणत्या?"

"दिसतं."

मी हसलो. माझं ते हसणं बाहेरून कसं दिसलं ते सरांनाच ठाऊक. मात्र आतून कसं वाटत होतं त्याचा मी एकमेव साक्षीदार आहे. छातीच्या खाली, डाव्या बाजूला, शिळी भजी खाल्ल्यावर होतं तसं. जाणिवेचा विषय निघाला की विद्वान मंडळी नेहमी लाल रंगाचं किंवा दातदुखीचं उदाहरण घेतात. मत्सराचं कुणी घेत नाही. वास्तविक इतका निःसंशय, इतका खासगी आणि इतका टिकाऊ अनुभव दुसरा नसेल.

त्यानंतरच्या गुरुवारी सर आले, पण मंडळात नाही. भट्टी विझवता येत नाही, म्हणून त्या खात्याची सुट्टी पाळीपाळीने असे आणि गुरुवारी मामा कामावर असत. सर स्टेशनवरून सरळ कारखान्यात जात. आत जायला पास लागे आणि पासावर सही लागे कंपनीतल्या माणसाची. ती सही माझी असे. म्हणजे दर बुधवारी मी माझ्याच हाताने कागदावर लिहून देत होतो की या गृहस्थांना माझ्याकडे न येता तिकडे जाऊ द्यावं. भेटीचं कारण या रकान्यात मी पहिल्यांदा "अभ्यास" लिहिलं. तिसऱ्या वेळी "वैयक्तिक" लिहिलं.

"तुम्हाला त्या मामांचा राग येतो," बायको म्हणाली.

"राग नाही. पद्धतीविषयी शंका आहे."

"शंकेनं माणूस दोन पोळ्या कमी खातो होय?"

होळीच्या सुमारास कार्यवाह पुन्हा घरी आले. ते खुर्चीच्या कडेवर बसले, त्यावरूनच मी ओळखलं. "सरांची कल्पना अशी आहे, की सर बोलतील आणि मामांची जाहीर मुलाखत घेतील. लोकांना काहीतरी नवीन मिळेल. तुमचं स्थान आहेच हं. तुम्ही आभार माना."

आभारप्रदर्शन म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. लोक चपला शोधत असताना माइकवर जो बोलत असतो, तो.

मी म्हणालो, माझी काही हरकत नाही. फक्त मंचावर एखादा दावा करण्यापूर्वी त्याचा शास्त्रीय पडताळा झालेला बरा. काटा झाकून चाचणी घेऊ. मामांनी भोकातून पाहून आकडा सांगायचा, तो सरांनी लिहायचा. काट्याचा आकडा मी लिहायचा. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सर आनंदाने तयार झाले. "हाच खरा विज्ञाननिष्ठ मित्र," असं ते कार्यवाहांना म्हणाले. ते ऐकून मला थोडी लाज वाटली असती, पण चाचणीच्या तयारीत तेवढा वेळ मिळाला नाही.

तयारी मी मनापासून केली. काट्यावर पुठ्ठ्याची पेटी बसवली आणि तिला फक्त माझ्यापुरती फट ठेवली. फोरमनला सांगून भट्टी कधी वर, कधी खाली नेली, म्हणजे मामांना अंदाज बांधता येऊ नये. मध्येच खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. मग उलट मोठा दिवा लावून उजेड केला. डोळ्याला फसवण्याचं जे जे मी वाचलं होतं ते ते केलं. मामा निमूटपणे आकडे सांगत होते. एकदा त्यांनी फोरमनला हळूच विचारलं, "सायबांचं काय हरवलंय का?"

संध्याकाळी कागद शेजारी ठेवले. एक आकडा पंधरा अंशांनी चुकला होता. तोही मी मोठा दिवा लावल्यानंतरचा. बाकी सगळे जुळले. इतके नीट जुळले की माझ्या खोलीतली काही यंत्रंही आपसात इतकी जुळत नाहीत. सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही हे सिद्ध केलंत," ते म्हणाले.

तो पडताळा सरांनी पुढे अनेकांना सांगितला. त्यात माझा उल्लेख "मापनशास्त्रातले एक तज्ज्ञ" असा असे. स्वतःच्या पराभवाला असा अधिकृत शिक्का मारून देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

व्याख्यानाला आठवडा राहिला होता. मी महिन्याचं रजिस्टर घेऊन बसलो होतो आणि भट्टीच्या तापमापकाच्या पानाशी आलो. माझी पद्धत अशी होती की इन्स्ट्रुमेंट फिटर चिठ्ठी पाठवायचा, "प्रमाण कपलशी ताडून पाहिले, फरक नाही," आणि मी "तपासले, योग्य" असं लिहून सही करायचो. कपल म्हणजे भट्टीत खुपसलेली ती तार, जिच्यावर काटा चालतो. ती जळते, मग बदलावी लागते, आणि नवी तार टाकली की काटा कपाटातल्या प्रमाण तारेशी ताडून लावायचा असतो. त्या दिवशी माझं मन कशात लागत नव्हतं, म्हणून की काय, मी नियमाप्रमाणे वागायचं ठरवलं. फिटरला बोलावलं आणि म्हणालो, प्रमाण कपल आण, एकदा माझ्यासमोर ताडू.

फिटर परभणीकडचा होता, चारपाच वर्षांपूर्वी लागलेला. तो माझ्याकडे बघत राहिला.

"ते तर मुंबईला दुरुस्तीला गेलंय साहेब."

"कधी?"

"मी लागायच्या आधी."

"मग नवीन तार टाकल्यावर काटा कशाशी जुळवतोस?"

"मामाला इचारतो. मामा बघून सांगतेत आठशेचाळीस झालं म्हणून, तिथं काटा लावतो."

मी पेनला टोपण लावलं.

"आणि तुझ्या आधी?"

"आधीचा बी असंच करायचा. त्यानंच शिकवलं मला." मग माझा चेहरा पाहून त्याला वाटलं की धीर द्यावा. "काही गडबड न्हाई साहेब. रजिस्टर ओके हाय. तुमची सही हाय की प्रत्येक पानावर."

तो गेला. पहिली भावना सांगायची तर ती निव्वळ आनंदाची होती. चाचणी फुकट गेली होती. मामांचा डोळा आणि काटा जुळले, कारण काटा मामांच्या डोळ्यावरूनच लावलेला होता. मी एका माणसाची तुलना त्याच माणसाशी केली होती आणि दोघांचं एकमत झालं होतं. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरच्या कुठल्याही पुस्तकात या चुकीसाठी एक प्रकरण असतं. मी ती प्रकरणं वाचली होती. समासात खुणाही केल्या होत्या.

दुसरी भावना थोड्या वेळाने आली. हे बोलून दाखवायचं तर रजिस्टर उघडावं लागणार होतं.

दोन दिवसांनी मी भोसरीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांच्या कारखान्यातलं प्रमाण कपल मागून आणलं, डब्याच्या पिशवीतून. जेवणाच्या सुट्टीत, मामा भाकरी खायला बसले असताना, ते भट्टीत घातलं. भिंतीवरचा काटा आठशेचाळीस दाखवत होता. खरी उष्णता आठशे होती. उरलेल्या जगासाठी मामांचं आठशेचाळीस हे आठशे होतं.

मग मी कठीणता तपासणाऱ्यांच्या जुन्या फायली काढल्या. वर्षानुवर्षं गिअर उत्तम उतरत होते. भट्टीच्या कामाच्या पत्रकावर आठशेचाळीस लिहिलं होतं, पण पोलादाला आठशे चालत होतं, किंबहुना तेच मानवत होतं. मी जोडून पाहिलं ते असं. बासष्ट साली कुणा फोरमनने नव्या कोऱ्या, बहुधा चुकीच्या काट्याकडे बोट दाखवून मामांना सांगितलं असेल, हे आठशेचाळीस. मामांचा डोळा काट्याकडून शिकला. पुढे ती तार जळाली, आणि त्यानंतरचा प्रत्येक काटा मामांच्या डोळ्याकडून शिकला. त्यात मामांना आकडा चुकीचा ठाऊक होता आणि पोलाद बरोबर ठाऊक होतं. माझं नेमकं त्याच्या उलट होतं, म्हणजे आकडा ठाऊक आणि पोलाद नाही, आणि गेली काही वर्षं तर आकडाही बरोबर नव्हता.

चुकला तरी हा माणूस बरोबरच निघतो, हे काही मला सहन होईना.

व्याख्यान शाळेच्या मैदानावर होतं. संध्याकाळी साडेसहाला मंडप भरला. दीपप्रज्वलन झालं, वारा असल्यामुळे चार वेळा झालं. कार्यवाहांनी मामांची ओळख "अग्निविद्येचे मौन उपासक" अशी करून दिली. मामा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून बसले होते. आपल्यामागे कुणी आलंय का म्हणून त्यांनी वळून पाहिलं. मग त्यांना शाल घातली. एप्रिल महिना होता. भट्टीसमोर सतरा वर्षं काढलेला माणूस त्या शालीत घामाने निथळू लागला, आणि ती काढायची कधी हे कुणी सांगितलं नसल्यामुळे शेवटपर्यंत तसाच बसला.

सर फार छान बोलले. हेही मला लिहावं लागतं. काट्याला उष्णता कळते पण दिसत नाही, असं काहीतरी म्हणाले आणि मंडपात टाळ्या झाल्या. माझ्या पडताळ्याचं वर्णन झालं तेव्हा लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत, टोकाला बसलो होतो, आभार खिशात घेऊन.

आमच्याकडे श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घेतात. स्वयंसेवक रांगांमधून फिरतो, चिठ्ठ्या गोळा करतो, वक्ते त्यातल्या निवडक वाचतात. नाव घालायची सक्ती नसते. मी चिठ्ठी घरूनच लिहून आणली होती, डाव्या हाताने. "ज्या काट्याशी मामांचा डोळा ताडून पाहिला, तो काटा कशाशी ताडून पाहिला होता?" तेवढंच. सही नाही, रजिस्टर नाही, माझं काही नाही. प्रश्न फक्त तर्काचा होता. निदान मी मला तसं सांगितलं होतं.

सरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, "फार मार्मिक प्रश्न आहे. याचं उत्तर खरं तर आमच्या पिंपरीच्या मित्रांनी द्यायला हवं." मी खिशातला कागद चाचपला. पण माइक मामांच्या जवळ होता.

"त्यो काटा व्हय?" मामा म्हणाले. "त्यो आमालाच इचारून लावत्यात."

मंडप हसला. आधी मागच्या रांगा हसल्या, मग सगळा मंडप, आणि त्या हसण्याच्या टाळ्या झाल्या. सर टाळ्या वाजवत होते. "पाहिलंत," ते म्हणाले, "केवढा हा विनोद, आणि केवढा गर्भित अर्थ."

मामा थोडे गोंधळले. मग त्यांना पहिल्या रांगेच्या टोकाला मी दिसलो. आपल्या बोलण्याने आपल्या माणसाला काही बट्टा लागला की काय, असं त्यांना वाटलं असावं. ते माइककडे वाकले. "पर आमचं हे सायेब दर म्हैन्याला तपासून सही करत्यात. तवा बराबरच आसंल."

पुन्हा टाळ्या झाल्या. या माझ्यासाठी होत्या. मला उठून हात जोडावे लागले.

ते भोळेपणाने बोलले, की त्यांना सगळं माहीत होतं, हे मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कधीच थेट कळत नाही, यावर माझ्या दुसऱ्या वहीत साठ पानं आहेत. त्यांचा काही उपयोग झाला नाही. पाच मिनिटांनी मी माइकसमोर उभा राहून मामांचे आभार मानले, आणि लोक चपला शोधत होते.

घरी जाताना बायको म्हणाली, "ती चिठ्ठी कुणाची होती हो?"

"मला काय माहीत?"

"अक्षर फार वाईट होतं म्हणे. सर बाजूच्याला सांगत होते. डाव्या हाताने लिहिल्यासारखं."

मी डावा हात खिशात घातला. ती पुढे काही बोलली नाही. हे जास्त वाईट होतं.

महिन्याभरात मी मुंबईला तीन पत्रं पाठवून आमचं प्रमाण कपल परत मागवलं आणि भट्टीचा काटा खऱ्या उष्णतेला लावला. मला ते कुणालाही न सांगता दुरुस्त करून टाकायचं होतं. पण काटा दुरुस्त झाल्यावर पाळीच्या माणसांनी पत्रकाप्रमाणे भट्टी खऱ्या आठशेचाळीसला नेली आणि गिअर वाकडे येऊ लागले. मामा माझ्या खोलीच्या दारात आले, आत न येता. "सायेब, पळस फुलतोय. लई हुतंय," ते म्हणाले. तेव्हा मी पत्रकावरचा आकडा बदलून आठशे करण्याची शिफारस लिहिली. शिफारस कामगारांच्या सूचना-योजनेकडे गेली. तिथल्या समितीने हिशेब केला की चाळीस अंश कमी म्हणजे भट्टीत जळणारं केवढं तरी तेल वाचलं, आणि मला वर्षाचं पहिलं बक्षीस दिलं. भट्टी पूर्वीइतकीच तापत होती आणि पूर्वीइतकंच तेल पीत होती. बक्षिसात स्टीलचा मोठा डबा मिळाला. मी समितीपुढे काही बोललो नाही. मामा टाळ्या वाजवायला आले होते.

कंपनीच्या पत्रिकेत माझा फोटो आला आणि तो पाहून कार्यवाह पुन्हा घरी आले. या वेळी खुर्चीत मागे टेकून बसले. "यंदा स्थानिक वक्ता तुम्हीच," ते म्हणाले. "विषय तुमचाच, मापन आणि जाणीव. सरही अध्यक्ष म्हणून येतो म्हणालेत."

म्हणजे जे मला हवं होतं ते अखेर मिळालं, एका खोट्यामुळे दुसरं खोटं होऊन. तीन वह्यांमधून मी भाषण काढलं. पण शेवटची दहा मिनिटं वह्यांबाहेरची ठेवली. त्यात चाचणी होती, परभणीचा फिटर होता, रजिस्टर होतं, त्यातल्या माझ्या सह्या होत्या, डाव्या हाताची चिठ्ठी आणि स्टीलचा डबाही होता. त्यात एक वाक्य असं होतं की गेली दोन वर्षं मी एका माणसाचा मत्सर करतो आहे आणि त्याची क्षमा मला त्याच्यासमोर मागायची आहे. बायकोला वाचून दाखवलं. तिने "म्हणजे काय" असं विचारलं नाही. म्हणाली, "हे तेवढं वाचा. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल."

बाकीचंही वाचलं. चाळीसेक लोक होते. सरांची गाडी चुकली म्हणून ते येऊ शकले नाहीत. अध्यक्षस्थान कार्यवाहांनीच घेतलं. मामा मात्र आले होते. सायकल मंडपाच्या खांबाला टेकवून पहिल्या रांगेत, मधोमध बसले होते, टोपी घालून. मी जाणिवेपासून सुरुवात केली आणि साधारण तासाभराने त्या शेवटच्या पानांशी आलो. एकही ओळ गाळली नाही. क्षमेचं वाक्य आलं तेव्हा कागदावरून मान वर केली आणि मामांकडे बघूनच ते म्हटलं.

मामांची मान छातीवर पडली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि ते बारीक घोरत होते. आदल्या रात्रीची पाळी संपवून त्यांनी दिवसभर कुरुळीत कांदा काढला होता.